कोटाच्या खिशातली ताई

मी एक जुना काळा कोट आहे. मला डोके नाही, पण मित्रांनो, डोक्यांची मला कधी वाण पडली नाही. माझ्या कॉलरवर आजवर इतकी डोकी येऊन बसली आणि उठून गेली की मोजायला बसणारा मोजता मोजता म्हातारा व्हायचा. टक्कल पडलेली, तेलाने चोपडलेली, नुकतीच न्हाव्याच्या हातून सुटलेली, रागाने तापलेली, सगळी मी सोसली. तुमच्या घरात कुणाचे सरकारी ओळखपत्र असेल तर जरा काढून बघा. चेहऱ्याखाली काळी कॉलर आणि छातीचा एक तुकडा दिसतो आहे का? तोच मी. आणि मी नसेन, तर माझा चुलतभाऊ असेल. आमचे खानदान मोठे आहे.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. हा शिंपी एका डोळ्याने शिलाई बघायचा आणि दुसऱ्याने रस्त्यावरून कोण चालले आहे ते बघायचा, म्हणून माझी एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब झाली. एका तरुण वकिलाने पहिला खटला लढायचा म्हणून मला शिवायला टाकले होते. पण खटल्याची तारीख जवळ आली आणि त्याने वकिली सोडून कोंबड्या पाळल्या. कोंबड्यांपुढे कोट घालून जायची काही गरज नसते. तेव्हा मी दुकानाच्या काचेमागे लटकत राहिलो. उन्हाने माझा उजवा खांदा विटला. शिंपी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की हा कोट एका न्यायाधीशांचा आहे, ते मोठ्या कामात अडकलेत म्हणून न्यायला आले नाहीत. माझे बालपण असली भाषणे ऐकण्यात गेले. म्हणून पुढे माझ्या बोलण्यात कुठे थोडे इकडचे तिकडे झाले, तर त्याचा दोष शिंप्याच्या माथी मारावा.

मग एक दिवस ओळखपत्राच्या कार्यालयातले साहेब दुकानात आले. त्यांची अडचण अगदी चमत्कारिक होती. त्यांच्या फोटोच्या खोलीत पांढरा पडदा होता, आणि लोक फोटोला म्हणून नेमके पांढरे कपडे घालून यायचे. पांढऱ्यापुढे पांढरे आले की कपडे दिसेनासे व्हायचे आणि कार्डावर नुसते मुंडके तरंगायचे. वरच्या कचेरीने अशी तरंगती मुंडकी गठ्ठ्याने परत पाठवली होती. साहेबांना काहीतरी काळे हवे होते. मी काळा होतो. निदान डाव्या बाजूने तरी होतो.

अशा रीतीने मी सरकारी नोकरीला लागलो. माझी जागा पहिल्या मजल्यावर, खिळ्यावर. शेजारी एक गोल स्टूल, समोर पडदा, आणि पलीकडे तीन पायांवर उभा असलेला कॅमेरा. त्या कॅमेऱ्यामागे फोटोवाल्या बाई बसायच्या. बाईंचे अख्ख्या दिवसाचे बोलणे एवढेच: "बसा. हनुवटी वर. झालं." बायका-पुरुष, लहान-थोर, सगळ्यांना तेच. त्यांच्या घरीही त्या जेवण वाढताना "बसा, हनुवटी वर" म्हणत असतील असे स्टुलाचे मत होते.

पहिल्याच आठवड्यात एक ठेकेदार आला. माणूस असा ऐसपैस की तो दारातून आत येताना दारानेच पोट आत घेतले. त्याने माझ्यात एक हात घातला आणि दुसरा हात बाहेरच राहिला. बाईंनी काही न बोलता कात्री घेतली, मला पाठीवरून कॉलरपासून खालपर्यंत उभे कापले, आणि दोन्ही काठांना नाड्या लावल्या. तेव्हापासून लोक मला पुढून घालतात आणि बाई मागून नाड्या बांधतात. पुढून मी वकील आणि मागून उघडे दार. दुखले का, असे विचाराल तर दुखले. पण त्यानंतर मी कुणालाही आखूड झालो नाही, हेही खरे.

माझे दिवस चांगले होते. सकाळी मी शाळामास्तर असायचो, दुपारी इस्पितळातली नर्स, चार वाजता भाजीवाला. लोक आरशात बघून सुखावायचे. एका सुताराने तर मला घालून आरशापुढे उभे राहून स्वतःलाच नमस्कार केला. आणि एक गंमत सांगतो. एकदा एका विमानात योगायोगाने आमच्याच कार्यालयातली कार्डे घेतलेले लोक चढले. विमानतळावरच्या तपासनिसाने एकामागून एक कार्ड बघितले, तोच कोट, तोच विटका खांदा. शेवटी त्याने अदबीने विचारले, तुमची बँडची पार्टी कुठे वाजवायला चालली आहे? ही गोष्ट मला एका प्रवाशाने सांगितली. सगळी त्यानेच सांगितली असे नाही, थोडी मी जुळवली.

पण मित्रांनो, खरी गोष्ट अशी की मला ती जुळवावी लागायची. कारण मी स्वतः कुठेच गेलो नव्हतो. माझे चित्र गावोगाव फिरायचे आणि मी खिळ्यावर. नाड्या बांधेपर्यंत लोक बोलत राहायचे: लेकीचे बाळंतपण आहे, नवी नोकरी लागली, भावाशी अबोला आहे तो मिटवायला चाललोय. कोट अंगावर असताना माणूस मनातले बोलतो आणि काढला की विसरतो. कुणीच परत येऊन सांगायचे नाही की बाळ कसे आहे, अबोला मिटला का. माझ्या खिळ्यावरून खिडकीतून आभाळाची एक पट्टी दिसायची. तिच्यातून एखादे विमान जायचे, एवढेसे, चमकत. मी मनात म्हणायचो, त्यात माझी निदान दोन छायाचित्रे असतील. आणि मग कार्यालय बंद व्हायचे आणि शिपाई दिवा घालवायचा.

मग नवा नियम आला. देशातल्या देशात विमानाने जायचे तरी आता जुनी कार्डे चालणार नव्हती. नवे कार्ड हवे होते, कोपऱ्यात चंदेरी ठसा असलेले, आणि त्यावरचा चेहरा विमानतळावरचे यंत्र स्वतः तपासणार होते. आमच्याकडेही नवा कॅमेरा आला. तो बाईंचे ऐकायचा नाही. बाईच त्याचे ऐकायच्या. तोंड मिटलेले, कान मोकळे, डोळे उघडे असे सगळे जमले तर पडद्यावर चेहऱ्याभोवती हिरवी चौकट यायची. नाही तर लाल. एका वेळी तीनदा लाल आले की त्या माणसाची पाळी संपली. पुन्हा नंबर लावा, पुन्हा आठवड्याने या. नियम आल्यावर रांग जिन्यावरून उतरून रस्त्यावर गेली, आणि मला दिवसभरात खिळ्याचे तोंड दिसेना.

त्या रांगेतून एक दिवस वेल्डरकाका आले. पाठ वाकलेली, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग, आणि अंगात परीटघडीचा पांढरा शर्ट. जन्मभर कारखान्यात काळवंडलेले निळे कपडे घातले, म्हणून निवृत्त झाल्यावर ते पांढऱ्याशिवाय काही घालत नसत. बाई "बसा" म्हणाल्या आणि काकांनी बसता बसता सगळी हकीकत सांगून टाकली. बाईंनी विचारले नव्हते. पण काही माणसांना विचारावे लागत नाही.

काकांना एक थोरली बहीण होती. आई लवकर गेली, तेव्हा या ताईनेच त्यांना लहानाचे मोठे केले. आता ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मुलाकडे राहत होती. दोघांची बऱ्याच वर्षांत गाठ नव्हती. रोज संध्याकाळी फोन व्हायचा आणि फोन ठेवताना ती एकच विचारायची, येतोस कधी. यापलीकडे ती काही बोलली नाही. भाच्याने एक दिवस हळूच सांगितले की आईची नजर जात चालली आहे. चहूबाजूंनी अंधार आत सरकतो आहे. डॉक्टर म्हणतात, उपाय संपले, आता आहे तेवढे काही आठवडे टिकेल, फार तर काही महिने. भर उजेडात, हाताच्या अंतरावर धरलेले तेवढे तिला दिसते. फोनवरचे चित्र तिला नुसता उजेडाचा डाग वाटतो. दोन रात्री आगगाडीत बसणे काकांच्या पाठीला जमणारे नव्हते. म्हणून भाच्याने विमानाचे तिकीट काढून पाठवले. तिकिटावर तारीख होती. राहिले होते ते फक्त कार्ड.

"हनुवटी वर," बाई म्हणाल्या. कॅमेऱ्याचा दिवा लखकन चमकला. लाल चौकट. काकांचे डोळे मिटलेले होते.

पुन्हा दिवा चमकला, पुन्हा मिटलेले. तिसऱ्यांदा काकांनी डोळे असे काही ताणले की त्यांच्या कानशिलावरची शीर थेट माझ्या कॉलरपर्यंत ताठ झाली. पण दिवा चमकायच्या पापणीभर आधी ते मिटले ते मिटलेच. काका खजील होऊन हसले. त्यांनी खिशातून जुने कार्ड काढून बाईंना दाखवले. त्यातही डोळे मिटलेले होते. त्या काळच्या छायाचित्रकाराने कंटाळून पापण्यांवर शाईने दोन बुबुळे काढून दिली होती. एक बुबुळ जरा खाली घसरले होते. तेवढ्यावर काकांनी अख्खी नोकरी निभावली होती. पण नवे यंत्र काही शाईला भुलणारे नव्हते.

रांगेत बातमी पसरली आणि रांगेला काम मिळाले. कुणी म्हणाले, आदल्या रात्री झोपूच नका. कुणी म्हणाले, झोपून झोपून डोळे तृप्त करून या. एक आजी म्हणाल्या की त्यांचे यजमान उघड्या डोळ्यांनी घोरायचे, तेव्हा हे काही अवघड नसावे. शिपायाने पुढच्या खेपेला काकांना जिन्यातच गाठून पापण्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावून दिली. काका आत आले तेव्हा मासळीसारखे दिसत होते. यंत्राने डोळ्यांवर काहीतरी आहे असे सांगून पहिला लाल दिला. पट्टी काढताना पापणीचे चार केस गेले आणि उरलेल्या दोन खेपा नेहमीसारख्या गेल्या.

बाईंनीही जमेल ते केले. दिवा चमकण्याआधी कॅमेऱ्यावर एक बारीक ठिपका पेटायचा, त्यावर त्यांनी कागद चिकटवला. काकांना तो कागदाआडून कळायचा. त्यांनी न सांगता बटण दाबून पाहिले, तर काकांना बोट हललेले कळायचे. दिवाच बंद केला, तर यंत्र उजेड कमी आहे म्हणून रुसायचे. काका परत परत माफी मागायचे, जणू त्यांनी बाईंचे काही फोडले आहे. मी त्यांच्या अंगावर होतो. मला त्यांच्या छातीतली धडधड ऐकू यायची. मी पैज लावून सांगतो, ठेकेदाराच्या पोटाने मला जेवढे ताणले नव्हते, तेवढे त्या धडधडीने ताणले.

तिसऱ्यांदा काका आले तो दिवस मला पक्का आठवतो. त्या दिवशी फोटो झाला तर कार्ड विमानाच्या आदल्या दिवशी हातात पडणार होते. नाही झाला, तर पुढची पाळी यायच्या आत विमान उडून जाणार होते, आणि पुढच्या विमानापर्यंत ताईच्या डोळ्यांत काय शिल्लक राहील ते डॉक्टरलाही सांगता येत नव्हते. पहिला लाल आला. दुसराही आला. आता एकच खेप उरली.

बाई कॅमेऱ्यामागून उठल्या. मी त्यांना पाळीच्या मध्ये उठताना कधी पाहिले नव्हते. त्यांनी दार लोटून घेतले आणि काकांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"काका, हे डोळे मिटायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

काका थोडा वेळ हातांवरचे डाग चोळत राहिले. मग त्यांनी सांगितले. कोवळ्या वयात ते वेल्डिंगच्या कामावर लागले तेव्हा काळ्या काचेची ढाल एकच होती आणि ती उस्तादाच्या हातात असायची. मदतनिसाने डोळे कसे सांभाळायचे ते त्याचे त्याने बघावे. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा डोळ्यांत वाळू ओतल्यासारखी आग व्हायची. ताई त्यांना मांडीवर घेऊन पापण्यांवर बटाट्याचे थंड काप ठेवत बसायची. काम सोडता येत नव्हते, घर त्यावर चालत होते. मग एक दिवस तिने त्यांचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि शपथ घातली. म्हणाली, उजेड व्हायच्या आत डोळे मिटायचे. व्हायच्या आत, झाल्यावर नाही. मिटले नाहीस तर मी मेले. काकांनी ते इतके पाळले की पुढे स्वतःची ढाल मिळाली, कारखाना बदलला, केस पांढरे झाले, तरी कुठे उजेड होणार असे वाटले की डोळे आपोआप मिटत. त्या शपथेनेच त्यांचे डोळे आजपर्यंत शाबूत राहिले होते.

बाईंनी काकांच्या हातांवरचे डाग पाहिले. मग म्हणाल्या, "शपथ कुणी घातली?"

"ताईनं."

"मग सोडवायची कुणी?"

काकांनी बाईंकडे पाहिले, आणि मग भिंतीवरच्या पाटीकडे. पाटीवर ठळक अक्षरात लिहिले होते की फोटोच्या खोलीत हातात फोन दिसता कामा नये. बाईंनी काकांचा फोन घेतला, ताईला लावला, आवाज मोठा केला, आणि फोन माझ्या आतल्या खिशात सरकवला. आता तो कुणाच्याही हातात नव्हता.

मित्रांनो, माझ्या त्या खिशात तोपर्यंत काय काय राहून गेले होते म्हणून सांगू. विसरलेले कंगवे, चण्याची सालपटे, आणि एका पावसाळ्यात तर एक पाल सहकुटुंब मुक्कामाला होती. पण माणसाचा आवाज कधी आला नव्हता. खिसा घुर्रघुर्र वाजला, आणि मग माझ्या छातीतून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"आज दुपारचाच कसा फोन? काय रे, पडलास की काय?"

काका शाळेतल्या पोरासारखे चाचरत बोलू लागले. विमान, कार्ड, यंत्र, दिवा, डोळे. सांगता सांगता त्यांची मान खाली गेली.  मग ताई हसली. मोठ्याने हसली, आणि माझे अस्तर थरथरले.

"अजून मिटतोस होय? अरे बावळटा, ती शपथ ठिणगीची होती. फोटोची नव्हती."

"मला काय माहीत, ताई. उजेड म्हणजे उजेड."

नेमके त्याच वेळी साहेब दार ढकलून आत आले. रांग का थांबली ते बघायला आले होते. त्यांनी खोलीत पाहिले. बाई कॅमेऱ्यापाशी, काका स्टुलावर, आणि तिसरा आवाज.

"कोण बोलतंय?" साहेबांनी विचारले.

बाईंनी मान वर न करता सांगितले, "कोट बोलतोय, साहेब."

"कोण आहे रे तो?" मी, म्हणजे माझ्या खिशातली ताई म्हणाली. "त्याला म्हणावं थांब जरा. माझा भाऊ फोटो काढतोय."

साहेब थांबले. सरकारी नोकरीत वरून हुकूम आला की थांबायची सवय असते, आणि हा आवाज बराच वरचा होता.

मग ताईचा आवाज उतरला. "हे बघ. शपथ सुटली. ऐकलंस ना? सुटली. आता उजेड झाला तरी उघडे ठेव." काकांनी मान हलवली, फोनला ते दिसत नव्हते तरी. "मी दारात उभी आहे असं समज. ऊन आहे. तू फाटकातून येतोयस. मला दिसतोयस, पण पुरता नाही. सरळ माझ्याकडं बघ, मला नीट बघू दे."

दिवा चमकला.

मला वर बघता येत नाही, त्यामुळे काकांचे डोळे मी पाहिले नाहीत. पण मी बाईंना पाहिले. त्यांच्या तोंडावर हिरवा उजेड पडला होता. "झालं," त्या म्हणाल्या. रोजचाच शब्द, पण त्या दिवशी तो त्यांना दोनदा म्हणावा लागला, कारण पहिल्यांदा काका उठलेच नाहीत. काकांच्या डोळ्यांतले पाणी त्यानंतर माझ्या कॉलरवर पडले. तोवर यंत्राचे काम आटोपले होते.

पुष्कळ जण म्हणतील की हे सगळे ताईने केले, किंवा बाईंनी. असेल. पण त्या क्षणी मीही काकांच्या पाठीमागे नाड्या जरा आवळून धरल्या होत्या, म्हणून पाठ ताठ राहिली. याला साक्षीदार फक्त स्टूल आहे, आणि ते माझ्यावर जळते. काका जायला निघाले तेव्हा तर मी नाडीची अशी गाठ मारून बसलो की बाईंना ती दातांनी सोडवावी लागली. मला त्यांच्याबरोबर जायचे होते. इतक्या वर्षांत इतक्या जणांबरोबर जावेसे वाटले, पण गाठ मारली ती त्या एकदाच.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. डोकी येत होती, जात होती. माझे लक्ष खिडकीतल्या पट्टीकडे. विमान दिसले की मी विचार करायचो, हेच असेल का? आता ते उतरले असतील का? तिने दार उघडले असेल का? एका लग्नाळू मुलाने मला घालून अत्तराची अख्खी कुपी शिंपडली, आणि एरवी मी त्यावर आठवडाभर कुरकुर केली असती, पण मला ते कळलेही नाही. मी मनाशी ठरवून टाकले होते की हेही नेहमीसारखेच होणार. माणूस जातो आणि मी खिळ्यावर राहतो. परत येऊन कोटाला कोण सांगतो?

काका आले. नंबर न लावता, शिपायाला बाजूला सारून, तोच पांढरा शर्ट घालून आले. बाईंनी एकाच्या नाड्या अर्ध्या बांधून सोडल्या, आणि मी त्या माणसाच्या अंगावर लोंबत सगळे ऐकले.

ताई खरोखरच दारात उभी होती. भाचा म्हणाला, सकाळपासून बसायला तयार नव्हती.  तिने काकांच्या मनगटाला धरून त्यांना खिडकीशी नेले, उजेडाकडे तोंड करून बसवले, आणि दोन्ही हातांत त्यांचा चेहरा धरून हाताच्या अंतरावरून बघायला लागली. सगळा चेहरा एकदम दिसत नव्हता, म्हणून तुकड्यातुकड्याने बघितला. आधी कपाळ. भुवईवरचा व्रण. "हे झालं," असे म्हणून मग नाक. कान बघून म्हणाली, "आजोबांचे उचललेस." ऊन सरकले की तीही काकांना घेऊन सरकायची. असे करता करता संध्याकाळ झाली, उजेड मंदावला, तेव्हा ती म्हणाली की हनुवटी राहू दे, हनुवटी उद्या. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने आधी हनुवटी मागितली.

मग तिने कार्ड मागितले. ज्या डोळ्यांसाठी एवढे केले ते कसे आले आहेत ते तिला बघायचे होते. कार्ड जवळ नेऊन उन्हात धरले आणि ती पुन्हा तशीच हसली. म्हणाली, "चोरी करताना पकडल्यासारखा दिसतोस." पण तेवढ्यावर तिने कार्ड परत दिले नाही. ते तसेच धरून, तिरपे करून, ती आणखी खाली बघत राहिली.

"हा कोट कुणाचा रे? खांद्यात बसत नाही तुला."

काकांनी सांगितले, कार्यालयातला आहे, सगळ्यांचाच.

"मी बोलले ती याच्याच खिशातून ना?" ताई म्हणाली, आणि बराच वेळ बघत बसली.

आता तिला खिडकी कुठे आहे एवढेच कळते, असे काका म्हणाले.  बाईंनी बराच वेळ "हनुवटी वर" म्हटले नाही, आणि माझ्यात उभा असलेला तो अनोळखी माणूसही निमूट उभा राहिला.

मित्रांनो, मी आजतागायत विमानात बसलेलो नाही. स्टुलाला मी सांगितले आहे की मी त्या विमानात होतो, खिडकीजवळ, आणि ते खरे धरून चालले आहे. पण तुम्हाला खरे सांगतो. आभाळाच्या त्या पट्टीकडे मी अजूनही बघतो, फक्त पूर्वीसारखे नाही. कारण एका बाईच्या डोळ्यांत मोजका उजेड उरला होता, आणि त्यातला थोडा तिने माझ्यावर खर्च केला. मला घडवणाऱ्या शिंप्यानेही एवढे निरखून पाहिले नव्हते.

तेव्हा माझे एवढे ऐका. तुमच्या घरी रोज संध्याकाळी कुणी फोनवर "येतोस कधी" असे विचारत असेल, तर कार्ड काढायला उशीर करू नका. लोक त्याच्या पुढचे बोलत नाहीत. आणि त्या खटपटीत कधी आमच्या खोलीत आलात, तर फोटो झाल्यावर मला स्टुलावर फेकून पळू नका. माझ्या बाह्या सुलट करा, मगच मला खिळ्याला अडकवा. बाही उलटी राहिली की दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी हात तिच्यात शिरेपर्यंत ती नुसता आतला अंधार बघत बसते.